न पाहिलेल्या गाडीचा इसार

माल ताब्यात येण्यापूर्वी रक्कम देऊन बसणे ही गोष्ट आमच्या खानदेशाला नवी नाही. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, सालदार ठेवताना वर्षभराच्या कामापोटी काही उचल त्याच्या हाती आधीच ठेवावी लागते. जमिनीचा सौदा ठरला की खरेदीखताच्या आधी इसारपावती होते. जळगावच्या सुवर्णबाजारात लग्नाचे दागिने घडविण्यास टाकताना सराफाकडे आगाऊ रक्कम जमा होते. आणि रावेर-यावल पट्ट्यातला केळीचा बागाईतदार तर जुनी बाग अजून कापणीला उभी असतानाच पुढच्या लागवडीच्या टिश्यूकल्चर रोपांची मागणी नोंदवून, तिची अनामत भरून मोकळा झालेला असतो. अशा मुलखात एखाद्या नव्या मोटारगाडीसाठी, ती दृष्टीस पडण्यापूर्वीच, एकवीस हजार रुपये भरावेत की भरू नयेत, या प्रश्नावर आमच्या घरात दिवाळीपासून जो विचारविनिमय चालला आहे, तो त्रयस्थाला अकारण लांबलेला वाटण्याचा संभव आहे. मला तो तसा वाटत नाही. घर आणि जमीन सोडली तर मध्यम स्थितीतल्या कुटुंबाच्या हयातीत मोटारगाडीएवढी मोठी खरेदी दुसरी होत नाही, आणि ती करताना माणूस आपल्या विवेकबुद्धीचा उपयोग किती करतो आणि इतरांच्या घाईला स्वतःची इच्छा किती समजतो, हे पाहण्यासारखे असते.

गाडीचे नाव मी मुद्दाम घेत नाही, कारण प्रश्न त्या एका गाडीपुरता मर्यादित नाही. पुढच्या वर्षी दुसऱ्या कारखान्याची दुसरी गाडी येईल आणि हाच प्रश्न दुसऱ्या कुणाच्या ओसरीवर उभा राहील. तिचे अनावरण एका महानगरात मोठ्या समारंभाने झाले, सर्वांत खालच्या श्रेणीची किंमत जाहीर झाली, वरच्या श्रेणींच्या किमती यथावकाश कळविण्यात येतील असे सांगण्यात आले, आणि नोंदणी अमुक तारखेस सुरू होणार असल्याची वर्दी जळगावच्या विक्रेत्याने अगत्यपूर्वक दूरध्वनी करून आम्हाला दिली. महामार्गालगतच्या त्याच्या शोरूममध्ये आम्ही गेलो तेव्हा गाडी अर्थातच तेथे नव्हती. ती पुण्यात आली होती, नाशिकला लवकरच येणार होती, आणि जळगावच्या वाट्याला केव्हा येईल हे निश्चित सांगता येत नव्हते. तोपर्यंत भिंतीवरच्या मोठ्या पडद्यावर तिचे रंग पालटून दाखविण्याची व्यवस्था होती. आमच्याशी बोलणारा प्रतिनिधी तरुण, मृदुभाषी आणि प्रामाणिक होता. जे त्याला ठाऊक नव्हते तेथे त्याने ठाऊक असल्याचा आव आणला नाही. "सर, आज बुकिंग केलं तर पहिल्या लॉटमध्ये नंबर लागेल," तो म्हणाला, "नंतर वेटिंग किती जाईल ते मी आत्ता सांगू शकत नाही. आणि कॅन्सल केलं तर पैसे पूर्ण परत मिळतात, त्यामुळे रिस्क काहीच नाही." त्या वेळी मी मान डोलावली. मात्र हे शेवटचे वाक्य माझ्या मनातून जाईना, कारण दिवाणी न्यायालयात आयुष्य घालविलेल्या माणसाला, पैसे देण्यात काहीच जोखीम नाही असे कुणी सांगितले, म्हणजे त्या पैशाने नेमके काय विकत घेतले जात आहे याचा शोध घ्यावासा वाटतो.

कायद्याच्या दृष्टीने विचार केला तर जी वस्तू अद्याप घडलेली नाही किंवा विक्रेत्याच्या हाती आलेली नाही, ती १९३० च्या माल विक्री अधिनियमाच्या भाषेत भावी माल होय, आणि भावी मालाची विक्री आज होऊच शकत नाही. होतो तो फक्त पुढे विकण्याचा करार. त्याच अधिनियमाच्या ४१ व्या कलमाने खरेदीदाराला न पाहिलेला माल तपासून घेण्याची वाजवी संधी मिळण्याचा हक्क राखून ठेवला आहे, आणि तो हक्क मला नेहमीच फार शहाणपणाचा वाटत आला आहे. इसाराविषयी आमच्या सर्वोच्च न्यायालयाचा जो निर्णय वकीलमंडळी अजूनही आधारास घेतात, तो १९६९ चा, श्री हनुमान कॉटन मिल्स आणि टाटा एअरक्राफ्ट यांच्यामधल्या दाव्यातला. विमानांच्या भंगाराचा तो सौदा होता, पंचवीस टक्के रक्कम आगाऊ भरलेली होती, खरेदीदाराने उरलेली रक्कम भरली नाही आणि इसार जप्त झाला तो योग्यच झाला असा निकाल लागला. इसाराचे स्वरूप न्यायालयाने तेथे स्पष्ट केले: सौदा पुरा झाला तर तो किमतीत वळता होतो आणि घेणाऱ्याच्या कसुरीने मोडला तर बुडतो, उभय पक्ष बांधले गेले याची ती खूण असते.

आता या व्याख्येशी शोरूममधला नोंदणीचा अर्ज ताडून पाहिला तर काय दिसते? रक्कम परत मिळणार, तेव्हा घेणारा बांधलेला नाही. गाडी देण्याची तारीख केवळ अंदाजाची. किंमत नोंदणीच्या दिवसाची लागू न होता गाडी ताब्यात देण्याच्या दिवशी जी असेल ती. रंग आणि श्रेणी उपलब्धतेवर अवलंबून. तेव्हा देणाराही फारसा बांधलेला नाही. मग एकवीस हजार रुपयांनी आपण विकत घेतो ते काय? रांगेतील एक जागा, एवढेच त्याचे प्रामाणिक उत्तर आहे. आणि तरीही ही देवघेव निरुपद्रवी आहे असे मला म्हणवत नाही, कारण बंधन पडते ते कागदावर न पडता मनावर पडते. ज्या दिवशी पावती खिशात येते त्या दिवसापासून गाडीविषयी ऐकू येणाऱ्या प्रत्येक गोष्टीकडे माणूस खरेदीदाराच्या चिकित्सक दृष्टीने पाहीनासा होतो आणि घरच्या माणसाची बाजू घ्यावी तसा तिची बाजू घेऊ लागतो. कुणी तिच्या मागच्या आसनाबद्दल शंका काढली तर ती शंका त्याला स्वतःवर घेतल्यासारखी वाटते. आणि महिन्यांमागून महिने वाट पाहिल्यानंतर अखेर गाडी दारात येते तेव्हा, तिच्यात काही न्यून दिसले तरी, इतक्या प्रतीक्षेनंतर नको म्हणण्याचे धैर्य त्याच्यापाशी उरलेले नसते. रक्कम परत मागता येते, पण एकदा गहाण पडलेला निर्णय सोडवून आणणे फार थोड्यांना साधते. आमची धुळ्याची आत्या, जिचे सारे आयुष्य पांझरेकाठच्या खेड्यात गेले, तिने ही सगळी हकीकत ऐकून घेतली आणि एकच प्रश्न विचारला, "देखेल नही ते लेवानं कसं?" सारंगखेड्याच्या यात्रेत घोडा घेणारा माणूस त्याचे दात पाहतो, खूर उचलून पाहतो, त्याला तापीच्या काठाने चालवून आणि पळवून पाहतो, आणि मगच बोली करतो, ही तिची बालपणापासूनची समजूत, आणि तिच्या प्रश्नात माझ्या ४१ व्या कलमाचा सारा आशय आलेला होता.

परंतु आमच्या आधीच्या पिढीला पाहून घेण्याची चैन परवडत नव्हती, हेही येथे सांगितले पाहिजे. माझे वडील धुळ्याला जिल्हा परिषदेच्या नोकरीत होते, आणि सत्तरीच्या दशकात त्यांनी स्कूटरसाठी नाव नोंदविले तेव्हा पोस्टाच्या बचत बँकेत अनामत ठेवून ते पासबुक विक्रेत्याच्या नावे तारण लिहून द्यावे लागले होते. ती स्कूटर येईपर्यंत मी प्राथमिक शाळेतून माध्यमिक शाळेत गेलो. मोटारीची तर कथाच निराळी. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी १९४४ मध्ये स्थापन केलेल्या प्रीमियर कंपनीची कुर्ल्याच्या कारखान्यातून येणारी फियाट, कलकत्त्याकडची अॅम्बॅसडर आणि मद्रासची स्टँडर्ड, एवढाच काय तो देशातील मोटारींचा पसारा. किती गाड्या काढायच्या याला परवाना, किमतीवर सरकारी नियंत्रण, वाटपावर १९५९ चा वितरण व विक्री नियंत्रणाचा हुकूम, आणि मिळालेली गाडी ठरावीक काळापर्यंत परवानगीवाचून दुसऱ्यास विकण्याची मनाई. मागणी अमाप आणि पुरवठा मूठभर, म्हणून वापरलेली फियाट नव्या फियाटच्या दरापेक्षा अधिक रकमेला विकली जाई, आणि त्या वरच्या रकमेला लोक नुसते 'ऑन' म्हणत. त्या काळात गाडी कशी आहे असा प्रश्न कुणी विचारीत नसे. ती मिळणार केव्हा एवढाच प्रश्न होता. निवड करण्याचा अधिकारच जेथे नाही तेथे विवेकाची परीक्षा होण्याचे कारण नव्हते, आणि म्हणूनच वडिलांच्या त्या प्रदीर्घ प्रतीक्षेत मला एक प्रकारची निर्मळता दिसते. रांग खरी होती, टंचाई खरी होती, आणि रांगेत उभ्या असलेल्या माणसाला आपण फसलो आहोत की काय असा संशय रात्री येत नव्हता.

मारुतीने ती रांग एका अर्थी संपविली आणि दुसऱ्या अर्थी अखिल भारतीय केली. १९८३ च्या एप्रिलात नोंदणी सुरू झाली तेव्हा दहा हजार रुपये अनामत होती, आणि गाडीची किंमत पन्नास हजारांच्या आत. त्या काळात दहा हजार म्हणजे आमच्यासारख्या घरी वर्षाच्या मिळकतीचा मोठा हिस्सा. तरीही दोन महिन्यांत सुमारे १ लाख ३५ हजार लोकांनी ती भरली. गाडी रस्त्यावर कुणी पाहिलेली नव्हती. पहिली चावी इंदिरा गांधींच्या हस्ते दिली गेली ती १४ डिसेंबर १९८३ रोजी. म्हणजे न पाहिलेल्या गाडीचा इसार देण्याची रीत आजच्या तरुणांनी काढली असे समजण्याचे कारण नाही. त्यांच्या आजोबांनी ती अधिक मोठ्या त्यागाने पाळली होती.

या साऱ्या इतिहासातला जो प्रसंग माझ्या मनाला सर्वांत अधिक विचार करावयास लावतो, तो मात्र इंडिकाचा आहे. पुण्याच्या टेल्कोने, जिला ट्रक बांधण्याचीच सवय होती, भारतीय आराखड्याची मोटार बांधावयाचे ठरविले, १९९८ च्या अखेरीस ती बाजारात आणली, आणि पुरी किंमत आगाऊ भरून घेण्याची अट असतानाही आठवड्याभरात १ लाख १५ हजार लोकांनी तिची नोंदणी केली. कारखान्याला तोवर मोटारगाडीचा असा अनुभव नव्हता, ग्राहकांना गाडीचा अनुभव नव्हता; दोन्ही बाजूंनी विश्वासाखेरीज दुसरे काही नव्हते. आणि पहिल्या गाड्यांत खरोखरच दोष निघाले. आवाज, कंप, सुट्या भागांच्या तक्रारी इतक्या आल्या की कंपनीला ठिकठिकाणी शिबिरे भरवून स्वखर्चाने भाग बदलून द्यावे लागले. त्या तक्रारींतून शिकून २००१ मध्ये जी सुधारलेली व्ही-टू आली, ती मात्र लोकांनी मनापासून स्वीकारली आणि आमच्या महामार्गांवर पुढे वर्षानुवर्षे ती टॅक्सी म्हणून धावली. चोपड्याला जा, पारोळ्याला जा, लग्नाच्या वऱ्हाडात पांढऱ्या इंडिका दिसणारच, असा तो काळ होता.

या घटनेचा सोपा अर्थ असा की पहिल्या लॉटची गाडी घेऊ नये, थांबावे, दोष निघू द्यावेत, ते दुरुस्त होऊ द्यावेत आणि मग शांतपणे जावे. व्यवहार म्हणून तो खराच आहे आणि मी तो मानतो. पण त्यापाशीच थांबणे मला न्याय्य वाटत नाही. त्या एक लाखावर लोकांनीही असाच विचार केला असता, प्रत्येकाने दुसऱ्याच्या अनुभवाची वाट पाहिली असती, तर व्ही-टू आलीच नसती, आणि भारतीय माणूस आपल्या आराखड्याची मोटार बांधू शकतो ही गोष्ट सिद्ध व्हायला आणखी किती वर्षे लागली असती कोण जाणे. थांबणाऱ्याचे शहाणपण हे न थांबणाऱ्याच्या धैर्यावर उभे असते. आपण जी निर्दोष गाडी शांतपणे विकत घेतो, तिच्या निर्दोषतेची किंमत दुसऱ्या कुणीतरी गॅरेजच्या बाकावर बसून आपल्याआधी चुकती केलेली असते, आणि त्या अनोळखी माणसाचे ऋण थांबणाऱ्याने निदान मान्य तरी केले पाहिजे.

नॅनोची कथा मी थोडक्यात सांगून टाकतो, कारण तिच्यात मला बोधापेक्षा विषाद अधिक वाटतो. २००९ च्या एप्रिलात दोन लाखांहून अधिक लोकांनी तिच्यासाठी मिळून सुमारे अडीच हजार कोटी रुपये भरले; सिंगूरचा कारखाना सोडावा लागलेला, साणंदचा तयार झालेला नाही, म्हणून पहिल्या एक लाख लोकांची निवड सोडतीने झाली, आणि मागे राहिलेल्यांपैकी ज्यांनी रक्कम ठेवली त्यांना व्याज देऊ करण्यात आले. एवढ्या उत्कंठेने मागितलेली गाडी २०१८ मध्ये बंद पडली. नोंदणीचा आकडा आणि गाडीचे आयुष्य यांचा परस्परांशी काही संबंध नसतो, एवढे मी त्यावरून मनाशी धरून ठेवले आहे.

अलीकडचे आकडे मात्र मला गोंधळात टाकतात. चाकणच्या कारखान्यातून निघणाऱ्या एक्सयूव्ही-सातशेची नोंदणी ७ ऑक्टोबर २०२१ रोजी उघडली आणि तासाभराच्या आत पंचवीस हजारांवर गेली. स्कॉर्पिओ-एनला २०२२ च्या जुलैअखेर एका मिनिटात पंचवीस हजार आणि अर्ध्या तासात एक लाख मागण्या आल्या. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी थार रॉक्सने पहिल्या साठ मिनिटांत १ लाख ७६ हजारांचा टप्पा ओलांडला. यांतील पहिली आणि शेवटची तारीख पंचांगात पाहिली तर दोन्ही दिवशी घटस्थापना होती. मुहूर्त साधणाऱ्या आपल्या समाजाची नाडी कारखानदारांना बरोबर कळते यात वावगे काही नाही. पाडव्याला आणि दसऱ्याला दारात वाहन आणणे ही आमची जुनी हौस आहे आणि तिच्याबद्दल मला आदर आहे. पण दसऱ्याला माणूस गाडी घरी आणतो, तिच्यावर झेंडूची माळ चढवितो, घरच्या बायका तिला ओवाळतात. एका मिनिटात मात्र तो काय विचार करीत असेल? एका मिनिटात पंचवीस हजार निर्णय होत असतील तर ते निर्णय त्या मिनिटात झालेले नसतात, फार आधी झालेले असतात किंवा झालेलेच नसतात. घाईला ठोस कारणही असते, हे मी नाकारीत नाही. एक्सयूव्हीच्या पहिल्या पंचवीस हजार ग्राहकांना आरंभीची किंमत लागू झाली आणि त्यांच्या मागून आलेल्यांना वाढीव द्यावी लागली. २०२१ आणि २०२२ या दोन वर्षांत जगभर सेमीकंडक्टर चिपांची टंचाई होती, आणि मागे राहिलेल्याला वर्ष-दीड वर्ष तिष्ठावे लागले. अशा वेळी पहिल्या तासात नोंदणी करणारा माणूस उतावीळ नव्हता, हिशेबी होता.

याच्या उलट दाखला २०२५ चा आहे. १५ ऑगस्ट २०२५ रोजी वस्तू व सेवा करात सुधारणा होणार असल्याची घोषणा झाली, आणि २२ सप्टेंबरपासून लहान गाड्यांवरचा कर अठ्ठावीस टक्क्यांवरून अठरा टक्क्यांवर आला; मोठ्या गाड्यांवरचा उपकर जाऊन सरसकट चाळीस टक्के लागू झाले. ज्यांनी गणेशचतुर्थीच्या मुहूर्तावर गाडी ताब्यात घेतली आणि ज्यांनी दसऱ्यापर्यंत धीर धरला, त्यांच्यात एका महिन्याच्या अंतराने हजारो रुपयांचा फरक पडला. यात कुणाचे शहाणपण होते किंवा कुणाचा दोष होता असे म्हणता येत नाही. माल विक्री अधिनियमाच्या ६४-अ कलमाने करारानंतर कर बदलला तर त्याचा भार किंवा लाभ, उलट अट नसल्यास, खरेदीदाराकडे जातो; कायद्याने जे सांगता येते ते एवढेच. काळाचा कौल कोणत्या बाजूने पडेल हे नोंदणीच्या दिवशी कुणालाही वाचता येत नाही, आणि म्हणून किमतीच्या युक्तिवादाला मी अंतिम मानीत नाही.

माझ्या दृष्टीने अंतिम युक्तिवाद खानदेशाच्या उन्हाचा आहे. वैशाखात जळगाव-भुसावळकडे पारा पंचेचाळीस अंशांच्या पुढे जातो. दुपारी उघड्यावर उभी केलेली गाडी उघडली म्हणजे आतून भट्टीचा झोत येतो, सुकाणूला हात लावता येत नाही, आणि त्या स्थितीत चार मोठी माणसे, एक म्हातारी आणि एक तान्हे मूल घेऊन धुळ्यापर्यंत जायचे असते. पुण्याच्या आल्हाददायक हवेत वातानुकूलन कसे चालते यावरून ते आमच्याकडे कसे चालेल हे ठरत नाही. त्यात आता गाड्यांच्या अंगी यंत्राइतकाच संगणक भरला आहे, आणि दोष निघतात ते इंजिनाच्या आधी पडद्यात निघतात. जुन्या सहा क्रमांकाच्या, आता त्रेपन्न क्रमांकाच्या महामार्गाचे तरसोद ते फागण्यापर्यंतचे चौपदरीकरण ज्यांनी वर्षानुवर्षे धूळ, खड्डे आणि वळणरस्ते यांसह अनुभवले, त्यांना गाडीच्या बांध्याची पारख पत्रकात वाचून करावीशी वाटत नाही. धुळ्याला मुंबई-आग्रा आणि सुरत-नागपूर हे दोन हमरस्ते एकमेकांना छेदतात, आणि देशातल्या सर्व जातींच्या गाड्या आपापली दुखणी घेऊन तेथल्या गॅरेजांत उतरतात. त्यांतल्या एका वृद्ध मिस्त्रींना मी वडिलांच्या काळापासून ओळखतो. त्यांचे मत त्यांनी फार थोड्या शब्दांत दिले. "वकीलसाहेब, एक उन्हाळा जाऊ द्या. गाडी वाईट निघंल असं मी म्हणत नाही. पण तिचे पार्ट इथं मिळायला लागले का नाही, ते तरी कळंल."

आता पुन्हा त्या केळीच्या रोपांकडे येतो, कारण आगाऊ रक्कम देणे केव्हा योग्य असते हे मला त्यांच्यावरूनच उमगले. मृगबाग जून-जुलैत लावायची तर ऊतिसंवर्धनाच्या प्रयोगशाळेत त्या रोपांची वाढ कितीतरी आधी सुरू व्हावी लागते. बाटलीतून पिशवीत, पिशवीतून छायागृहात असा तिचा क्रम असतो आणि त्यातला एकही टप्पा पैशाने लवकर उरकता येत नाही. शेतकऱ्याने मागणी नोंदविली नाही तर प्रयोगशाळा रोपे तयार करणार नाही, आणि रोपे वेळेवर आली नाहीत तर हंगाम चुकेल, ठिबक अंथरलेली जमीन पडून राहील, आणि पुढच्या वर्षीचा माल बाजारात अवेळी जाईल. तेथे आगाऊ रक्कम हंगाम विकत घेते. शिवाय ते वाण त्याने शेजारच्या शिवारात फळताना पाहिलेले असते. न पाहिलेल्या वाणाला तो आपल्या शेतातले एका वाफ्याचे स्थान देईल, सगळी जमीन देणार नाही. तेव्हा मी स्वतःला विचारले की माझ्या दारातल्या गाडीचा हंगाम चुकतो आहे काय. ती आठ-नऊ वर्षांची आहे, सुस्थितीत आहे, आईला तिच्यात चढता-उतरता येते. नव्या गाडीचे मला आकर्षण आहे, आणि ते मी कुणापासून लपवीत नाही. तिचा आकार सुंदर आहे, आपल्या माणसांनी आपल्या देशात ती रेखिली आणि बांधली याचा मला अभिमान वाटतो. पण आकर्षणाला हंगाम नसतो, ते पुढच्या वर्षीही तितकेच ताजे असेल.

धुळ्याला राहणाऱ्या माझ्या धाकट्या भावाची स्थिती वेगळी आहे. त्याच्या गाडीला पंधरा वर्षे पुरी होत आली. मुदत संपली की आरटीओत तपासणी करून फेरनोंदणी करावी लागेल, आणि तिच्या पत्र्याची अवस्था पाहता त्या खर्चात अर्थ नाही. वैशाखात मुलीचे लग्न आहे. त्याला नवी गाडी हवी आहे ती याच हंगामात, आणि दुसऱ्या ज्या दोन गाड्या त्याने चालवून पाहिल्या त्या त्याच्या कुटुंबाला अपुऱ्या पडतात. "दादा, मी बुकिंग करतो आहे, पण आधी तू कागद वाच," असे त्याने सांगितले तेव्हा मी त्याला अडविले नाही. पुण्यात नोकरीस असलेल्या माझ्या मुलीला तेथल्या शोरूममध्ये पाठविले, तिने गाडी चालवून पाहिली, मागच्या आसनावर बसून पाहिले, आणि काकांना लांबलचक पत्र लिहावे तसे सविस्तर सांगितले. पाहण्याचा हक्क निदान तिच्या डोळ्यांनी बजावला गेला.

मग धुळ्याच्या विक्रेत्याकडे बसून आम्ही पावतीच्या पाठीवर काही गोष्टी हाताने लिहून घेतल्या आणि त्याखाली त्याची सही व शिक्का घेतला: श्रेणी आणि रंग अमुकच, त्यात बदल सुचविला गेल्यास नकार देण्याचा अधिकार ग्राहकाचा, गाडीच्या निर्मितीचा महिना ताबा देण्यापूर्वी कळविला जाईल, उरलेली रक्कम भरण्याआधी गाडी गोदामात, पासिंगपूर्वी, प्रत्यक्ष पाहू दिली जाईल, विमा आणि अॅक्सेसरीज विक्रेत्याकडूनच घेण्याची सक्ती नाही, आणि अक्षय्य तृतीयेपर्यंत गाडी न आल्यास मागणी रद्द समजून रक्कम पंधरा दिवसांत खात्यावर जमा होईल. विक्रेत्याने किंचित विचार करून सर्व अटी मान्य केल्या. मागितल्या असत्या तर त्याने त्या इतरांनाही दिल्या असत्या असे मला वाटते. बहुतेक लोक मागत नाहीत. जळगावच्या त्या तरुण प्रतिनिधीला मी दूरध्वनी करून सांगितले की आम्ही या वर्षी नोंदणी करीत नाही, आणि त्याच्या सौजन्याबद्दल आभार मानले. पुढच्या आखाजीपर्यंत भावाच्या गाडीने एक पुरा उन्हाळा आणि एक पावसाळा काढलेला असेल. तिच्या वातानुकूलनाविषयी, पडद्याविषयी आणि धुळ्यात मिळणाऱ्या पार्टांविषयी मला घरातच विचारता येईल, आणि त्या माहितीपोटी तिच्या पहिल्या वर्षातल्या दुरुस्तीचा जो काही खर्च त्याच्या अंगावर पडेल, त्यातला निम्मा मी देणार असे आम्हा भावांत ठरले आहे.